ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसण्याआधी: डीलरचे नियम कसे वाचायचे

एडिसनहून अटलांटिक सिटी गाडीने दीड-पावणेदोन तासांवर आहे. भारतातून पाहुणे आले, न्यूयॉर्क आणि नायगारा झालं, की कुणीतरी हळूच विचारतंच, "एकदा कॅसिनो बघायचा होता." माझी पहिली खेप अशीच, मावसभावाबरोबर. आत शेजारीशेजारी दोन ब्लॅकजॅकची टेबलं होती. एकावर डावाला किमान १५ डॉलर, दुसऱ्यावर २५. आम्ही अर्थातच १५ च्या टेबलावर बसलो. तासाभराने मला एक्का आणि राजा आला, पहिल्याच दोन पत्त्यांत २१, म्हणजे ब्लॅकजॅक, आणि डीलरने माझ्यापुढे १८ डॉलर सरकवले. शेजारच्या टेबलावर एका बाईंना तेच दोन पत्ते आले तेव्हा त्यांना २५ वर साडेसदतीस मिळाले. माझ्या हिशोबाने मला साडेबावीस मिळायला हवे होते. मी डीलरला विचारलं. त्याने काही न बोलता टेबलावरच्या कापडावर छापलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ तासभर माझ्या डोळ्यांसमोरच होती.

परतीच्या वाटेवर आणि पुढे कितीतरी महिने मी या खेळाचं गणित शिकत गेलो. त्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, की ब्लॅकजॅक नावाचा एकच एक खेळ नसतो. डीलरने काय करायचं आणि काय द्यायचं याचे नियम टेबलागणिक बदलतात, त्याबरोबर तुमची बाजू किती पडती आहे ते बदलतं आणि काही पत्त्यांवर तुमची योग्य खेळीही बदलते. नियम कुठे लिहिलेले असतात, कुणाला विचारायचे आणि समजल्यावर काय करायचं, ते खाली क्रमाने देतो आहे.

एक खुलासा आधीच करतो. यातलं काहीही वापरून तुम्ही कमाई करणार नाही. नेहमीच्या नियमांत अगदी अचूक खेळलात तरी सरासरी कॅसिनोच जिंकतो. फक्त त्या संध्याकाळची किंमत किती, हे काही प्रमाणात तुमच्या हातात असतं.

१. सोबत काय घ्यायचं

मूळ पासपोर्ट घ्या, किंवा अमेरिकेतल्या राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स. नेवाडा आणि न्यू जर्सी दोन्हीकडे वयाची अट २१ आहे. पासपोर्टचा फोनमधला फोटो चालत नाही. आमच्या एका काकांना पांढऱ्या केसांसकट दारातून परत पाठवलं होतं.

बेसिक स्ट्रॅटेजीचा छापील तक्ता घ्या. तुमच्या प्रत्येक बेरजेला, डीलरच्या प्रत्येक उघड्या पत्त्यासमोर काय करायचं, ते त्यात असतं. अमेरिकेतल्या बहुतेक टेबलांवर तो समोर ठेवून खेळू देतात, अट एवढीच की इतरांचा खोळंबा होऊ नये. तक्ते दोन लागतील. का, ते चौथ्या आणि पाचव्या पायरीत येईल. फोनवर मात्र तक्ता बघायचा नाही. टेबलाशी फोन वापरू देत नाहीत, आणि नेवाडात खेळाचं गणित करणारं कुठलंही उपकरण वापरणं १९८५ पासून गुन्हा आहे.

हरलो तरी चालेल एवढीच रोख रक्कम घ्या. डेबिट-क्रेडिट कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेवा. मनगटावर घड्याळ असू द्या, कारण खेळाच्या दालनात भिंतीवर घड्याळ सहसा दिसत नाही.

घरी सरावासाठी पत्त्यांचा एक कॅट लागेल. तो घरात असतोच.

२. डीलरला डोकं चालवायची मुभा नसते, हे आधी समजून घ्या

मेंढीकोट किंवा रमी खेळून आलेल्या माणसाची इथे पहिली गफलत होते. डीलर आपल्याविरुद्ध डाव रचतोय, असं त्याला वाटत राहतं. खेळ एवढाच, की २१ च्या वर न जाता डीलरपेक्षा मोठी बेरीज करायची. प्रत्यक्षात डीलर काहीच ठरवत नाही. बेरीज १६ किंवा कमी असेल तर पत्ता घ्यायचाच, १७ किंवा जास्त झाली की थांबायचंच (एक अपवाद चौथ्या पायरीत येईल). समोर तुमचे १९ दिसत असले आणि त्याच्याकडे १८ असले, तरी तो आणखी पत्ता घेऊ शकत नाही.

पत्त्यांची किंमत: दुर्री ते नव्वी अंकाप्रमाणे, दश्शी-गुलाम-राणी-राजा प्रत्येकी १०, एक्का १ किंवा ११. एक्का ११ धरूनही बेरीज २१ च्या आत राहत असेल तर तो हात 'सॉफ्ट'. एक्का-छक्की म्हणजे सॉफ्ट १७. एक्का नसेल, किंवा तो १ च धरावा लागत असेल, तर हात 'हार्ड'. दश्शी-सत्ती म्हणजे हार्ड १७. हा फरक पक्का करा, पुढचं बरंच त्यावर उभं आहे.

डीलर असा बांधलेला असताना कॅसिनो जिंकतो कसा? पाळी आधी तुमची असते म्हणून. तुमची बेरीज २१ च्या वर गेली, म्हणजे तुम्ही बस्ट झालात, की पैसे तिथेच जातात. नंतर डीलरही बस्ट झाला तरी ते परत मिळत नाहीत. डीलर साधारण १०० पैकी २८ वेळा बस्ट होतो, पण त्यातल्या काही वेळा तुम्ही आधीच बाद झालेले असता. म्हणूनच "डीलर करतो तेच मी करेन, १७ पर्यंत घेत राहीन" हा नवख्यांना सुचणारा बेत महाग पडतो. तसं खेळल्यास कॅसिनोचा फायदा शेकडा साडेपाचच्या आसपास जातो. या फायद्याला टेबलावर हाऊस एज म्हणतात, मी इथे 'टक्का' म्हणेन: तुम्ही लावलेल्या प्रत्येक १०० डॉलरमागे कॅसिनो सरासरी किती ठेवून घेतो तो आकडा. बेसिक स्ट्रॅटेजीने, चांगल्या नियमांच्या टेबलावर, हाच टक्का शेकडा अर्ध्याच्याही खाली येतो.

डीलर ठरल्या चाकोरीतून चालतो म्हणूनच हे सगळं मोजता येतं. १९५६ मध्ये मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीन इथल्या लष्करी तळावरच्या चौघांनी, बाल्डविन, कँटी, मेसेल आणि मॅकडर्मट यांनी, गणकयंत्रांवर आकडेमोड करून पहिली बेसिक स्ट्रॅटेजी प्रसिद्ध केली. पुढे एडवर्ड थॉर्प यांनी ते गणित एमआयटीतल्या आयबीएम ७०४ संगणकावर नेलं. आज आपण समोर ठेवतो त्या तक्त्याची मुळं तिथे आहेत.

त्यातली मध्यवर्ती कल्पना सोपी आहे. डीलरचा उघडा पत्ता पंजी किंवा छक्की असेल तर तो १०० पैकी सुमारे ४२ वेळा बस्ट होतो. तेव्हा १२ ते १६ च्या अवघडलेल्या बेरजेवर तुम्ही थांबा, धोका त्याला पत्करू द्या. उघडा पत्ता सत्ती असेल तर हे प्रमाण २६ वर उतरतं. सत्ती किंवा त्यावरचं काही दिसत असेल तर हार्ड १६ वरही पत्ता घ्यावा लागतो. मन तयार होत नाही, तरी घ्यायचा. चांगलं सरेंडर, म्हणजे अर्धे पैसे सोडून डावातून बाहेर पडण्याची सोय, मिळत असेल तर गोष्ट वेगळी, ती सहाव्या पायरीत.

३. पत्त्यांकडे नंतर, कापडाकडे आधी बघा: ३:२ की ६:५

टेबलावरच्या कापडावर अर्धवर्तुळात छापलेलं असतं, ब्लॅकजॅकला ३:२ मिळतील, म्हणजे २ वर ३, किंवा ६:५, म्हणजे ५ वर ६. काही ठिकाणी हे किमान रकमेच्या छोट्या पाटीवर असतं. नवख्याला ६:५ मोठं वाटतं, आकडे मोठे आहेत म्हणून. १० डॉलरवर ३:२ ने १५ मिळतात, ६:५ ने १२.

सहा कॅटच्या खेळात ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो. ६:५ च्या तेवढ्या एका नियमाने टक्का सुमारे १.४ ने वाढतो. नेहमीच्या ब्लॅकजॅकमधल्या, इथे दिलेल्या दुसऱ्या कुठल्याही नियमाचा फटका याच्या जवळपासही जात नाही. म्हणून तपासणीचा क्रम लावायचा झाला तर हा नियम पहिला आणि इतर सगळे नंतर.

आता माझ्या त्या पहिल्या रात्रीचा हिशोब मांडतो. ६:५ च्या टेबलावर टक्का जवळजवळ २ असतो. १५ डॉलरवर दर डावाला ३० सेंट. तासाला ७० डाव धरले तर २१ डॉलर. शेजारचं ३:२ चं, बरे नियम असलेलं टेबल शेकडा ०.४ च्या आसपास: २५ डॉलरवर १० सेंट, तासाला ७ डॉलर. आम्ही 'स्वस्त' म्हणून निवडलेलं टेबल तिप्पट महाग होतं. अर्थात हे सरासरीचे आकडे. एका संध्याकाळी नशीब शंभर-दोनशे डॉलर इकडे किंवा तिकडे सहज नेतं, आणि २५ च्या टेबलावर ते हेलकावे मोठे असतात. खिशात १५० डॉलरच असतील तर २५ च्या टेबलावर बसू नका. ३:२ चं लहान टेबल शोधा. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी ते मिळण्याची शक्यता जास्त असते.

सापळा: "एकच कॅट" अशी मोठी पाटी. बाकी सगळे नियम तेच असतील तर एका कॅटचा खेळ सहा कॅटपेक्षा खेळाडूला अर्ध्या टक्क्याच्या आसपास बरा असतो, हे खरं. पण हल्ली एका कॅटची बरीच टेबलं ६:५ देतात. अर्धा टक्का देऊन जवळपास दीड काढून घेतात.

४. सॉफ्ट १७ वर डीलर थांबतो की घेतो

कापडावर दुसरी ओळ असते, आणि हीच खरी डीलरच्या वागण्याची ओळ. "डीलरने सर्व १७ वर थांबलंच पाहिजे" किंवा "डीलर सॉफ्ट १७ वर पत्ता घेतो". जाणकार पहिल्याला एस-१७ आणि दुसऱ्याला एच-१७ म्हणतात.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा उलटंच वाटलं होतं. डीलर जास्त पत्ते घेणार म्हणजे जास्त वेळा बस्ट होणार, आपलं भलंच की! बस्ट तो थोडा जास्त होतो हे खरंच आहे. तरीही या नियमाने टक्का सुमारे ०.२ ने वाढतो. कारण १७ ही डीलरची अगदी सामान्य बेरीज आहे. तिने तो फक्त १६ किंवा कमीवर थांबलेल्यांना हरवतो, १७ वाल्याशी बरोबरी होते आणि १८ पासून पुढचे सगळे त्याला हरवतात. अशा ठिकाणी थांबायची सक्ती म्हणजे त्याच्या पायात बेडीच. पत्ता घ्यायची सक्ती केली की ती बेडी सुटते.

पुढचा पत्ता काय येऊ शकतो ते बघा. एकूण १३ प्रकारांपैकी एक्का, दुर्री, तिर्री, चौकी हे चार आले तर सॉफ्ट १७ चे थेट १८, १९, २०, २१ होतात. दश्शी, गुलाम, राणी, राजा हे चार आले तर बेरीज १७ च राहते, फक्त हार्ड होते आणि तो थांबतो. उरलेले पाच, पंजी ते नव्वी, आले तरच तो १२ ते १६ मध्ये अडकतो, आणि तिथूनही प्रत्येक वेळी बस्ट होत नाही.

हे वाचून पटण्यापेक्षा करून बघा. कॅटमधून एक एक्का आणि एक छक्की काढून समोर ठेवा, उरलेले पत्ते नीट पिसा आणि एच-१७ च्या डीलरच्या नियमाने पुढे वाटत जा. असं पन्नास वेळा करून शेवटची बेरीज वहीत लिहा. माझ्या बायकोने आणि मी हे जेवणाच्या टेबलावर बसून केलं होतं. १८ ते २१ चा रकाना कसा भरत जातो ते डोळ्यांनी बघितल्यावर मला पुन्हा कधी शंका आली नाही.

५. नियम बदलला, खेळी बदला

एच-१७ च्या टेबलावर एस-१७ चा तक्ता वापरणं ही सर्रास होणारी चूक आहे. फरक थोड्याच ठिकाणी आहे. चार किंवा जास्त कॅटच्या खेळात, डीलर सॉफ्ट १७ वर पत्ता घेत असेल तर:

– तुमचे ११, डीलरचा एक्का: डबल करा, म्हणजे पैज दुप्पट करून एकच पत्ता घ्या. (एस-१७ मध्ये नुसता पत्ता घ्यायचा.)
– तुमचे एक्का-सत्ती, डीलरची दुर्री: डबल. (एस-१७ मध्ये थांबायचं.)
– तुमचे एक्का-अठ्ठी, डीलरची छक्की: डबल. (एस-१७ मध्ये थांबायचं.)
– सरेंडर मिळत असेल तर डीलरच्या एक्क्यासमोर हार्ड १५, हार्ड १७ आणि अठ्ठीची जोडी, तिन्ही सोडून द्या.

पहिल्या तिघांमागचं कारण एकच. सॉफ्ट १७ हे डीलरचं थांबायचं ठिकाण नाहीसं झालं की बस्ट होण्याची त्याची शक्यता किंचित वाढते, आणि तुमची बाजू वरचढ असलेल्या हातावर जादा पैसे लावणं परवडू लागतं. शेवटच्या मुद्द्याचं कारण याच्या उलट बाजूचं. हार्ड १७ घेऊन बसलेल्याला डीलरच्या एक्क्यासमोर मुख्य आशा बरोबरीची असते. तो १७ वर थांबायचा कमी झाला की तीही आटते.

एक्का-अठ्ठीवर डबल करताना शेजारचे लोक तुमच्याकडे वळून बघतील, कारण १९ म्हणजे जिंकलेला हात असं सगळ्यांना वाटतं. तक्त्याप्रमाणे खेळा. फरक फार मोठा नाही. धीर होत नसेल तर या एका हातावर थांबलात म्हणून मोठं नुकसान होणार नाही. ११ आणि एक्क्याची खेळी मात्र वारंवार येते, ती पाठच करा.

६. डबल, स्प्लिट, सरेंडर: काय चालतं ते विचारा

हे कापडावर बहुधा नसतं. बसण्याआधी डीलरला किंवा मागे उभ्या असलेल्या सुपरवायझरला सरळ विचारा. ते रोज अशी उत्तरं देतात, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

"स्प्लिट केल्यावर डबल करता येतं का?" स्प्लिट म्हणजे जोडी फोडून, तेवढीच पैज आणखी लावून, दोन वेगळे हात खेळणं. त्यावर डबल करता येत असेल तर तुम्हाला सुमारे ०.१४ चा फायदा. नसेल तर जोड्या जरा जपून फोडा: डीलरच्या दुर्री-तिर्रीसमोर दुर्रीची किंवा तिर्रीची जोडी फोडायची नाही, छक्कीची जोडी दुर्रीसमोर फोडायची नाही, चौकीची जोडी कधीच नाही. (परवानगी असेल तर चौकीची जोडी फक्त पंजी-छक्कीसमोर फोडतात.)

"डबल कुठल्याही दोन पत्त्यांवर?" फक्त १० आणि ११ वरच असेल तर टक्का सुमारे ०.१८ ने वाढतो आणि एक्का असलेल्या हातांवरचे सगळे डबल बाद होतात.

"सरेंडर आहे?" म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांवर अर्धे पैसे सोडून डावातून बाहेर पडण्याची सोय. नवीन माणसाला हे पळून जाणं वाटतं. पण हार्ड १६ वर डीलरची दश्शी असेल तर कसंही खेळलात तरी १०० पैकी सरासरी ५४ जातात. ५० देऊन सुटणं हा सरळ व्यवहार आहे. एस-१७ च्या टेबलावर हार्ड १६ हा ९, १० किंवा एक्क्यासमोर सोडा (अठ्ठीची जोडी असेल तर सोडू नका, फोडा) आणि हार्ड १५ फक्त १० समोर.

हल्ली मिळतं ते 'लेट' सरेंडर, म्हणजे डीलरने स्वतःकडे ब्लॅकजॅक नाही हे तपासल्यानंतरचं. अटलांटिक सिटीत १९७८ साली कॅसिनो सुरू झाले तेव्हा 'अर्ली' सरेंडर होतं, डीलरने तपासण्याआधीच सोडता यायचं. त्या एका नियमाने टेबल अचूक खेळणाऱ्याच्या बाजूला किंचित झुकलं होतं, आणि १९८१ मध्ये तो काढून टाकला गेला. त्याआधी, १९६४ च्या एप्रिलमध्ये, लास व्हेगासच्या कॅसिनोंनी डबल आणि एक्क्यांचं स्प्लिट आवळून बघितलं होतं. लोकांनी टेबलांकडे पाठ फिरवली आणि काही आठवड्यांत जुने नियम परत आले. हे मी मुद्दाम सांगतो. हे नियम म्हणजे खेळाची परंपरा वगैरे नाही. कॅसिनो ते व्यवसाय म्हणून ठरवतो, बदलतो, आणि गिऱ्हाईक उठून गेलं की मागेही घेतो.

७. डीलरचा दुसरा पत्ता कधी येतो

अमेरिकेत डीलर स्वतःला दोन पत्ते घेतो, एक उघडा आणि एक झाकलेला. उघडा पत्ता एक्का किंवा दहाचा असेल तर झाकलेला पत्ता आधीच तपासतो. ब्लॅकजॅक असेल तर डाव तिथेच संपतो आणि तुमची मूळ रक्कम तेवढी जाते.

लंडन, युरोप, ऑस्ट्रेलिया इथे जाणाऱ्यांनी लक्ष द्या. तिकडे बऱ्याच टेबलांवर डीलर एकच पत्ता घेऊन सुरुवात करतो, दुसरा तुम्ही सगळे खेळून झाल्यावर. समजा तुम्ही ११ वर डबल केलं आणि शेवटी त्याला ब्लॅकजॅक निघाला. मूळ रक्कम जाणार की डबलचीही? हा प्रश्न आधीच विचारा. सगळी जाणार असेल तर टक्का ०.११ ने वाढतो आणि खेळी अशी बदलते: ११ वर डीलरच्या १० किंवा एक्क्यासमोर डबल नाही, अठ्ठीची जोडी त्या दोघांसमोर फोडायची नाही, एक्क्याची जोडी एक्क्यासमोर फोडायची नाही. तिन्ही ठिकाणी नुसता पत्ता घ्या. (सरेंडर मिळत असेल तर अठ्ठीच्या जोडीपुरतं त्याचे तिथले नियम बघा.)

८. इन्शुरन्सला नाही म्हणा

डीलरचा एक्का उघडला की तो सगळ्यांना विचारतो, "इन्शुरन्स?" नाव विम्याचं असलं तरी ती वेगळी पैज आहे: डीलरचा झाकलेला पत्ता दहाचा निघेल, अशी. जिंकल्यास १ ला २ मिळतात, म्हणजे निदान तीनात एकदा तरी दहाचा पत्ता यायला हवा. सहा कॅटमध्ये तो एक्का वगळून ३११ पत्ते उरतात, त्यात दहाचे ९६. हे ३१ टक्क्यांच्याही आत आहे. या पैजेवर कॅसिनोचा टक्का सात-साडेसात पडतो.

मोठा मोह पडतो तो तुमच्याकडेच ब्लॅकजॅक असताना. डीलर म्हणतो, "इव्हन मनी घ्या", म्हणजे लावले तेवढे आत्ताच हमखास घ्या. ३:२ च्या टेबलावर ते नाकारलंत तर १०० वर सरासरी १०४ मिळतात. कधीकधी डीलरचाही ब्लॅकजॅक निघतो, बरोबरी होते आणि काहीच मिळत नाही, तेव्हा चुटपुट लागते. तरीही नाकाराच.

९. दिसायला ब्लॅकजॅक, आतून दुसराच खेळ

काही टेबलांवर डीलर २२ ला बस्ट होत नाही, तर बरोबरी धरली जाते. 'फ्री बेट' आणि 'ब्लॅकजॅक स्विच' या प्रकारांत असं असतं. फुकट डबल किंवा पत्त्यांची अदलाबदल अशी सवलत देऊन तिची किंमत या नियमातून वसूल होते. डीलरचे २२ साधारण ७ टक्के डावांत होतात, म्हणजे नियम लहान नाही. 'डबल एक्स्पोजर'मध्ये डीलरचे दोन्ही पत्ते उघडे असतात, पण बरोबरीत पैसे कॅसिनोचे आणि ब्लॅकजॅकला नुसते जेवढ्यास तेवढे. 'स्पॅनिश २१' मध्ये कॅटमधून सगळ्या दश्श्या काढलेल्या असतात. या खेळांना त्यांचे स्वतंत्र तक्ते आहेत. तुमच्या हातातला तक्ता तिथे चालणार नाही, तेव्हा पहिल्या खेपेला तिथे बसूच नका.

मुख्य पैजेशेजारी लहान वर्तुळं असतात, जोडी आली तर इतके, एका रंगाचे पत्ते आले तर तितके. त्यांचा टक्का मूळ खेळाच्या कित्येक पट असतो. ती वर्तुळं रिकामी ठेवा.

१०. टेबलावरचे रिवाज

पैसे डीलरच्या हातात देऊ नका, कापडावर ठेवा. तो चिप्स देईल. पत्ते उघडे वाटले असतील तर त्यांना हात लावायचा नाही. पत्ता हवा असेल तर टेबलावर बोट टेकवा, नको असेल तर पालथा पंजा आडवा हलवा. नुसतं तोंडाने सांगून भागत नाही, कारण वरचा कॅमेरा खूण बघतो. डबल किंवा स्प्लिटसाठी तेवढ्याच चिप्स मूळ चिप्सच्या शेजारी ठेवा, वर नको, आणि डबलला एक बोट, स्प्लिटला दोन. सरेंडर स्पष्ट शब्दांत बोलून सांगा. पत्ते आल्यावर लावलेल्या चिप्सना स्पर्श करू नका.

शेजारी कुणी "तू तो पत्ता घ्यायला नको होतास, डीलर बस्ट झाला असता" असं रागावलं तर वाद घालू नका. तुमच्या खेळीने इतरांची सरासरी बदलत नाही.

११. गोव्यात जाणार असाल तर

महाराष्ट्रात कायदेशीर कॅसिनो नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली, १९९६ मध्ये जहाजांवर टेबलांच्या खेळांना. म्हणून पणजीला मांडवीत ती जहाजं उभी दिसतात. वयाची अट २१, आणि गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे.

नियम तिथेही टेबलागणिक विचारायचे: ३:२ की ६:५, सॉफ्ट १७, डीलरचा दुसरा पत्ता केव्हा, स्प्लिटनंतर डबल. प्रवेशाच्या पॅकेजमध्ये मिळालेल्या चिप्स रोखीत बदलता येतात का, हेही काउंटरवरच विचारून घ्या. कर ध्यानात ठेवा. कॅसिनोवरचा जीएसटी आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० आहे, आणि जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो. डीलरच्या नियमांतून वाचवलेला पाव किंवा अर्धा टक्का यापुढे फार लहान आहे. तिकडे जायचं ते जेवण, गाणी आणि नदीवरची रात्र यांचा खर्च समजून.

फोनवर पैसे लावून ब्लॅकजॅक खेळवणाऱ्या अ‍ॅपच्या नादी लागू नका. भारतात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे.

१२. उठायचं कधी

सत्राची रक्कम घरीच ठरवा आणि ती किमान पैजेच्या निदान ३० ते ४० पट ठेवा, म्हणजे डबल आणि स्प्लिटसाठी हात आखडणार नाही. ती संपली की उठा. हरलेले परत मिळवायला पैज दुप्पट करत जाण्याचा बेत कुणी सांगितला तर ऐकू नका. टक्का त्याने तसूभरही बदलत नाही आणि टेबलाची कमाल मर्यादा लवकर आडवी येते. खेळ सुटत नाहीये, घरी लपवावा लागतोय, असं वाटलं तर न्यू जर्सीत १-८००-गॅम्बलर ही मदतवाहिनी आहे. माझ्या ओळखीतल्या एकाने तिथे फोन केला होता आणि त्याला त्याचा उपयोग झाला.

आणखी एक. संध्याकाळी गर्दी वाढली की त्याच टेबलावरची पाटी बदलते. दुपारी १५ चं असलेलं ५० चं होतं, किंवा ३:२ चं टेबल बंद करून शेजारचं ६:५ चं उघडतात आणि तुम्हाला तिकडे बसायला सांगतात. चहाला उठून परत आलात तर चिप्स मांडण्याआधी पाटी आणि कापड दोन्ही पुन्हा वाचा.